गणपतीपर्यंतची गाठ

सुधागड तालुक्यातल्या एका कातकरवाडीत एक म्हातारा होता. त्याच्या खोपटातल्या वस्तू मोजायला दोन हातांची बोटं पुरली असती, पण त्यातल्या प्रत्येकीनं किती जगायचं हे तो ती करायला घेतानाच ठरवून टाकी. मुसळ खैराचं. ते त्याच्या बापानं तासलेलं होतं आणि नातवाच्या हातांनाही पुरून उरलं असतं. कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा. धामण लवते, घावाचा हिसका स्वतःत जिरवते, हाताला झिणझिण्या येऊ देत नाही. पण लवणारं लाकूड कधीतरी पिचतंच, म्हणून तो दांडा चार-पाच वर्षांनी नवा बसवायचा. कमरेला कोयता अडकवायची लाकडी आकडी एकदा केली की माणसाबरोबरच जायची. डोक्यावरचं इरलं एका पावसाळ्याचं. पळसाच्या पानांची पत्रावळ एका जेवणाची.

यात खैर पहिला आला तो उगाच नाही. खैराचा काथ पाडणं हा कातकऱ्यांचा पिढीजात धंदा. जंगलावर सरकारी कायदे बसले, खैराला हात लावायची चोरी झाली आणि काथाच्या भट्ट्या विझल्या. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या. त्या सरल्यावर विटांच्या. भट्टीनं काही या लोकांची पाठ सोडलेली नाही. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती सरकारच्या यादीत सगळ्यांत असुरक्षित म्हणून लागल्या आहेत त्यांतली ही एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. दिवाळी झाली की वाडीतली धडधाकट माणसं उचल घेऊन विटा थापायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहतात ती म्हातारीकोतारी, शेरडं आणि कुत्री.

आपला म्हातारा असाच मागे राहिलेला. त्याचं हिवाळ्यातलं काम म्हणजे येत्या पावसाळ्याची खोईन. खोईन म्हणजे मासे धरायचा बांबूच्या काड्यांचा लांबट सापळा. नाव दर दहा कोसांवर बदलतं, सापळा तोच. तोंडाशी रुंद, शेपटाकडे निमुळता, आणि तोंडाच्या आत टोकदार काड्यांचं नरसाळं आतल्या अंगाला वळलेलं. मासा नरसाळ्यातून सहज आत सरकतो. परत फिरायला गेला की टोकं त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहतात. मासे काढायचे ते शेपटाकडून. तिथली गाठ सोडायची, खोईन उभी धरून झटकायची, गाठ पुन्हा आवळायची.

बांबू तो दिवाळीनंतरच्या अंधाऱ्या पक्षात तोडायचा. अंधाराचा त्यात किती वाटा असतो ते चंद्र जाणे, पण मोसमाचं गणित पक्कं आहे. पावसात नवे कोंब वर काढताना बेटानं साठवलेलं पिठूळ सत्त्व खर्चून टाकलेलं असतं, आणि बांबू पोखरून त्याचा भुगा करणारा भुंगा त्या पिठासाठीच आत शिरतो. त्यातूनही जे उरेल ते धुऊन जावं म्हणून म्हातारा तोडलेल्या कांबी ओहोळाच्या वाहत्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवी. बाहेर काढल्या तेव्हा त्यांना असा वास येई की कुत्रीही लांबून जात. मग त्या चुलीवरच्या माळ्यावर, धुरात. मेपर्यंत बांबू तांबूस, हलका आणि टणक झालेला असे. कोयत्याचं पातं टेकवून वरून एक ठोका दिला की पार तळापर्यंत सरळ फाटे. कोवळ्या, या वर्षीच्या काठीला तो कधी हात लावत नसे. तीन पावसाळे पाहिलेली काठी हवी. ती ओळखायला त्याला नजरेपेक्षा नख जास्त उपयोगी पडायचं.

काड्या बांधायला ओली वेल. आणि शेपटाच्या त्या गाठीसाठी, फक्त तेवढ्यासाठीच, केवणीचा वाख.

केवण म्हणजे जिची पिळदार शेंग बाळगुटीत उगाळतात ती मुरुडशेंग. सह्याद्रीच्या उतारावर माणसाच्या उंचीची हवी तेवढी झुडपं असतात. पावसात तिची साल काठीवरून अलगद सुटते. ती पाण्यात कुजवली की तंतू मोकळे होतात. म्हातारी ते वाळवून आढ्याला टांगून ठेवी आणि खोईन पुरी होत आली की भिजवून, मांडीवर पीळ घालून बोटाएवढी दोरी वळे. झुडूप बुडापासून छाटलं तरी पुन्हा फुटतं, त्यामुळे त्याच त्याच झुडपांकडे ती दरवर्षी जायची. ही दोरी नवी असताना दोन बाप्यांनी ओढली तरी तुटायची नाही. पण पाण्यात राहून राहून ती मऊ पडे, आणि गणपती येईस्तोवर हातानं तुटेल इतकी कुजे. मधेच कधी म्हातारा ती बदली. हंगाम संपत आला की तशीच राहू देई.

एका वर्षी मेअखेरीस नातू भट्टीवरून आला. मिसरूड फुटलेला, अंगानं रट्टा, आणि विटांच्या ट्रकवर ताडपत्री बांधायला वापरतात त्या निळ्या दोरीचं एक बंडल काखेत. ती दोरी खरंतर प्लास्टिकच्या दुसऱ्याच जातीची असते, पण लोक तिला नायलॉनच म्हणतात.

"आज्या, शेपटाला ही लाव."

म्हाताऱ्यानं दोरी हातात घेतली, ओढून पाहिली, दाढेखाली धरून चावून पाहिली. "चांगली आहे. बकरीला बांध."

"बकरीला कशाला? खोईनला लाव. तुझी साल भादव्यात कुजते."

"कुजते."

"मग?"

"मग दुसरी लावतो."

"दरसाल?"

"तू दरसाल भट्टीवर जातोस. मी विचारलं कधी, कशाला जातोस म्हणून?"

म्हातारी पीळ घालता घालता हसली. नातवाला ते लागलं. त्यानं माळ्यावरच्या उरलेल्या कांबी उतरवल्या आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून स्वतःची खोईन करायला घेतली. हात त्याचा चांगला होता. लहानपणापासून पाहिलेलं होतं. काड्या तासल्या, कडी वळवली, नरसाळं बसवलं. वेलीच्या जागी सगळीकडे निळी दोरी, आणि शेपटाला तिचेच तीन वेढे देऊन अशी गाठ मारली की मासे काढायला त्यालाही कोयत्याचं टोक घालावं लागे. खोईन झाली तेव्हा ती आपटून पाहिली, तिच्यावर बसून पाहिली. कुरकुरलीसुद्धा नाही.

म्हातारा काठी टेकत आला. फिरवून फिरवून पाहिली. "नरसाळं बेस झालंय," म्हणाला, आणि परत आपल्या जागी जाऊन बसला.

मृग लागला आणि वलगण सुरू झाली. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगायचं तर, पहिल्या पावसांनी ओहोळांना पाणी येतं तेव्हा नदीतला मासा अंडी घालायला उलटा वर चढतो. ओहोळातून पऱ्यात, पऱ्यातून भातखाचरात. बांधावरून उड्या मारतो, गवतातून सरपटतो. पोटात गाबोळी गच्च. असा मासा धरू नये असं शहरात बसून सांगता येतं, आणि ते खोटंही नाही. पण भट्टीवरून परतलेल्याची उचल फिटून हातात काय उरलेलं असतं, आणि भात पिकायला अजून किती अवकाश असतो, हेही त्याच दमात सांगायला हवं. वर्षातलं पहिलं पोटभर जेवण या वाड्यांवर वलगणीचं असतं.

वाडीखालचा ओहोळ पुढे अंबा नदीला मिळतो. दोघांनी त्यात दगडांचा बांध घातला, दोन ठिकाणी वाट ठेवली आणि दोन्ही खोइनी तोंडं खालच्या अंगाला करून बसवल्या. मासा वर चढतो तेव्हा तोंड खाली. आश्लेषा-मघांत तो उतरायला लागला की तोंड वर. नातवाच्या खोइनीत मासे जास्त लागले. तिचं तोंड जरा रुंद होतं आणि काड्या जवळजवळ होत्या. मळे, शिंगट्या, मधेच एखादी वाम. घरी पुरून उरलेले त्याच्या आईनं हायवेला नेऊन विकले. वाडीतली पोरं निळी दोरी मागायला लागली. म्हाताऱ्याला पोरांनी चिडवलं, तर तो म्हणाला, "त्याची खोईन चांगलीच आहे. वाद कोण घालतंय?"

पुष्य नक्षत्रात एका रात्री डोंगरावर असा पाऊस कोसळला की सकाळी बांध नव्हता, दोन्ही खोइनी नव्हत्या आणि ओहोळाकाठच्या उंबराचं अर्धं अंग गेलेलं होतं. नातू दोन दिवस खालच्या अंगाला काठ धुंडाळत फिरला. म्हातारा फिरला नाही. म्हातारीकडे वाख उरलेला होता, माळ्यावर दोन कांबी होत्या. तो तिसऱ्या दिवशी नवी खोईन घेऊन बसला. गणपती झाले, घट बसले, दिवाळी झाली, आणि नातू पुन्हा भट्टीवर गेला.

पुढच्या मेमध्ये तो आला तेव्हा ओहोळ नेहमीसारखा आटलेला होता. पाणी राहतं ते फक्त डोहांत. असं आटलं की वाडीतली माणसं डोहात उतरतात, हातानं दगडांच्या कपारी चाचपत खेकडे आणि मासे काढतात. म्हातारा काठावर, नातू कमरेइतक्या पाण्यात. काठावरच्या करंजाची मुळं पाण्यात उतरली होती, तिथं त्याच्या हाताला काहीतरी लागलं. ओढलं तर येईना. मुळं तोडून बाहेर काढलं तेव्हा ती त्याची खोईन होती. जशीच्या तशी. कुठे एक काडी सुटलेली नव्हती. निळा रंग जरा उतरला होता इतकंच.

आणि ती जड होती.

त्यानं ती खडकावर ठेवली. आत हाडं होती. नुसत्या एका वेळच्या माशांची नव्हेत. तळाला काळी पडलेली, शेवाळलेली, त्यावर पांढरी, त्यावर अजून मांस चिकटलेली. खेकड्यांची कवचं. एका पाणसापाचा सांगाडा, नरसाळ्याच्या काड्यांत अर्धा आत अर्धा बाहेर. सगळ्यांत वर दोन वामी, जिवंत, इतक्या वाळलेल्या की त्यांच्या पाठीचे मणके मोजता आले असते.

हे कसं झालं ते पाण्याकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. पुरात अडकलेला मासा आत मेला. त्याच्या वासावर खेकडा आला आणि अडकला. खेकडा मेला, त्याच्यावर वाम आली. तिच्यावर आणखी कोणी. आमिष लावायला माणसाची गरजच राहिली नाही. जो मेला तोच पुढच्याचं आमिष. नातू तिकडे भट्टीवर विटा थापत होता आणि त्याची खोईन इकडे दहा महिने मासे धरत होती, कुणाच्याही ताटासाठी नव्हेत.

इथे जरा गोष्ट थांबवून लांबचं सांगतो. अमेरिकेच्या अलास्का राज्यात खेकडे धरणाऱ्या बोटींचे सापळे चांगले पोलादी चौकटीचे, नायलॉनच्या जाळीचे असतात. वादळात दोर तुटून असा सापळा समुद्राच्या तळाशी राहिला की हेच होतं, फक्त वर्षानुवर्षं. म्हणून तिथं कायदाच आहे: सापळ्याच्या जाळीत एक भोक ठेवायचं आणि ते सुती दोऱ्यानं शिवायचं. सूत कुजतं, शिवण उसवते, खेकडे चालते होतात. नायलॉन १९३५ साली अमेरिकेतल्याच एका प्रयोगशाळेत तयार झालं. कुजत नाही हा त्याचा मोठा गुण. त्याच देशाला पुढे सरकारी नियम करून कुजणारा दोरा परत आणावा लागला. आपल्या म्हाताऱ्याला अलास्का ठाऊक नव्हतं आणि अलास्काच्या सरकारला म्हातारा. दोघं एकाच गाठीपाशी येऊन पोचले होते. म्हातारा आधी, आणि बिनकागदाचा.

नातवानं कोयता काढून शेपटाची गाठ तोडली. एका घावात तुटली नाही. वामी पाण्यात सोडल्या. एक गेली, एक तशीच उलटी तरंगत राहिली.

"आज्या," बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तुझी कुठाय?"

"काय?"

"खोईन तुझी. माझ्याबरोबरच वाहून गेली होती ना?"

"गेली होती."

"मग कुठाय ती?"

म्हाताऱ्यानं बिडी पेटवली. "बघ की शोधून."

नातवानं खरंच शोधली. तो डोह, खालचा डोह, त्याच्याही खालचा, थेट ओहोळ नदीला मिळतो तिथवर. मुळांत, कपारींत, पुरानं आणून टाकलेल्या पाल्याच्या ढिगांत. एका ठिकाणी बांबूच्या दोन-तीन काड्या सापडल्या, पण त्या खोइनीच्या की कुणाच्या कुडाच्या हे सांगता येईना. संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आला तेव्हा म्हातारी चुलीशी होती. तिनं विचारलंही नाही.

रात्री जेवताना तो म्हणाला, "मला तेव्हाच सांगायचं होतंस."

"काय सांगायचं?" म्हातारा म्हणाला. "मला माझ्या आज्यानं सांगितलं नव्हतं. साल लाव म्हणाला, लावली."

"मग तुला कसं कळलं?"

"एका वर्षी मी वेताची लावली होती."

वेत पाण्यात लवकर कुजत नाही. पुढचं म्हाताऱ्यानं सांगितलं नाही आणि नातवानं विचारलं नाही. म्हातारीनं दोघांच्या ताटात भात वाढला.

निळी दोरी कुणी फेकून दिली नाही, हे सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की वाडीवर काही शपथविधी झाला. बकरी त्याच दोरीनं बांधलेली होती. धाकट्या नातीचा पाळणा त्याच दोरीला टांगलेला होता आणि ती तिथे तुटून चालणारही नव्हतं. पावसाआधी खोपटाच्या कुडाला नवा आवळ दिला तोही तिचाच. म्हाताऱ्यानं स्वतः गाठी मारल्या आणि वेलीपेक्षा ही बरी म्हणून दोनदा बोलून दाखवलं. त्या वर्षीची खोईन नातवानं केली. अंगाला निळी दोरी आणि शेपटाला केवण.

वाख मात्र त्यानं स्वतः वळला, आणि हौसेनं चांगला जाड वळला. म्हातारीनं तो बोटांत धरला आणि मान हलवली.

"किती पदरी?"

"तीन."

"तीन पदरी दिवाळीपर्यंत जाईल. तू दिवाळीला कुठं असशील?"

तो गप्प झाला.

"दोन पदरी कर. पीळ पण सैल ठेव जरा. गणपतीला तुटली पाहिजे."

त्यानं उकलून पुन्हा वळला. दोन पदरी सैल पिळाचा वाख जमणं तीन पदरी घट्ट वाखापेक्षा अवघड, हे ज्यांनी दोऱ्या वळल्या आहेत त्यांना पटेल. हंगामभर टिकेल इतका मजबूत आणि हंगामानंतर राहणार नाही इतका कच्चा, असा मधला पीळ बोटांना सापडायला वेळ लागतो. त्याचे पहिले दोन आषाढातच तुटले आणि मासे गेले. म्हातारा त्यावर पोट धरून हसला. तिसरा बरा निघाला.

तोवर आसपासच्या टेकड्यांवर शहरातल्या लोकांची फार्महाऊसं उभी राहायला लागली होती. त्यातले एक साहेब एकदा ओहोळावर फिरायला आले आणि काठावर वाळत ठेवलेली खोईन पाहून थांबले. उचलून उजेडाकडे धरून पाहिली. व्हरांड्यात दिव्यावर लावली तर सावली कशी सुंदर पडेल, असं बाईसाहेबांना म्हणाले.

"काय रे, विकतोस का?"

"विकतो की, साहेब."

"किती वर्षं टिकेल?"

"कुठं लावणार त्यावर आहे. दिव्याला लावायची तर निळ्या दोरीनं बांधून देतो, तुमच्या पोराच्या लग्नापर्यंत बघायला नको. ओहोळात लावायची तर गणपतीपर्यंत."

साहेब हसले. "म्हणजे ओहोळातली स्वस्त पडेल."

"नाय. तिचे पन्नास जास्त."

"कमी टिकते, आणि पैसे जास्त?"

"केवणीसाठी डोंगर चढावा लागतो, साहेब. आणि पीळ घालायचे पैसे म्हातारी वेगळे घेते."

साहेबांनी दिव्यासाठी दोन सांगितल्या, आणि आगाऊ पैसे देऊन गेले.